गोपिकेचा उघडा आकार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडी समुद्राला मिळते तिथे, हरवेळ गावात, गोपिका नावाची भावीण राहत होती. गावानेच तिला लहानपणी देवाला वाहिली होती, आणि गावच तिला नावं ठेवत होतं. हे आधी सांगतो, कारण सांगणारे नेमकं एवढंच गाळतात.

गोपिका रवळनाथापुढे गायची. आधी शब्द नाहीत, नुसता आकार. जबडा सैल सोडायची, जीभ खाली निजवायची, आणि 'आ' नाभीतून उठून थेट बाहेर पडायचा. वाटेत कुठे अडायचा नाही. तेव्हा समईच्या ज्योती मागे वाकायच्या, असं म्हणतात.

देवळाचे मानकरी दाजी नाईक यांना ते उघडं तोंड सहन होईना. एका पालखीला त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, "बाईमाणसान तोंड मिटान गाणा म्हणूचा."

"दाजीनू, तोंड मिटला काय आ नाकात शिरता," गोपिका म्हणाली. "तसा म्हणूक तुमीच बरे. तुमी बोलतासच नाकात."

लोक हसले. ते हसणं तिला महाग पडलं. देवळाचं दार तिला बंद झालं, आणि तिला मूठभर तांदूळ देईल त्याला वाळीत टाकण्याचं ठरलं.

गोपिका खाडीच्या मुखावरच्या खडकावर जाऊन बसली आणि तिथे गाऊ लागली. थंडीत त्या मुखावर असं धुकं उतरतं की होडीच्या माणसाला स्वतःचं वल्हं दिसत नाही. शब्द वाऱ्यात फाटतात, उघडा आ फाटत नाही. खारवी त्या आकारावर होड्या आत आणू लागले. तिच्या आवाजावर ते घर गाठत, पण खडकावर एक मासळी ठेवायची कोणाची छाती नव्हती. त्यांचा म्होरक्या बुधाजी तांडेल, त्याचीसुद्धा नाही.

मग एका सकाळी धुक्यात दोन आकार उठले. एक खडकावरून, दुसरा उलट बाजूने, पाण्याखालच्या कातळावरून. तोच सूर, तोच गळा. रोज ऐकून ऐकून समुद्र शिकला होता, असं म्हणतात. पुढची होडी त्या दुसऱ्या आवाजाकडे गेली. लाकूड फुटल्याचं ऐकू आलं, मग माणसं ओरडली, मग तेही नाही. दुसरा आकार मात्र थांबला नाही.

बुधाजीच्या होडीत त्याचे दोन्ही मुलगे होते. त्याने वल्ही थांबवली आणि कान दिला. खडकावरचा आकार बदलला. ई होऊन दातांवर आला, ऊ होऊन ओठांत गोळा झाला. दुसराही मागोमाग बदलला, हुबेहूब. मग खडकावरून पुन्हा आ आला आणि रुंद होत गेला. दुसऱ्यानेही धरला, पण हळूहळू तो दबला, नाकात गेला, नुसती गुणगुण उरली. पाण्याला तोंड उघडं ठेवता येत नाही. ते भरतंच.

"उघड्या तोंडाकडे चला," बुधाजी म्हणाला.

उरलेल्या होड्या खडकाला लागल्या. गोपिका बसलेली होती. अंग लाकडासारखं ताठ, ओठांवर मीठ वाळलेलं. ती आदल्या दिवशीच उपाशी मेली होती. आणि आकार चालूच होता. शेवटची होडी बांधली तेव्हा तो थांबला.

तिला समुद्राने नेलं, असं हरवेळात सांगतात. खोटं आहे. तिला गावाने मारलं.

प्रेताचा जबडा बांधायला दाजींनी फडकं पाठवलं. बुधाजीने ते खाडीत फेकलं.

"ह्या तोंड मिटूचा नाय," तो म्हणाला. "टाका माका वाळीत."

त्याच्यामागे सगळे खारवी उभे राहिले.

तेव्हापासून हरवेळात कुठल्याही बाईच्या प्रेताचं तोंड बांधत नाहीत. चितेवरही ते उघडंच असतं. आणि धुक्याच्या सकाळी त्या खडकावरून आता एक आकार येत नाही, असं म्हणतात. पुष्कळ येतात.