आरशावरचं कणीस

चिमण्या माणसांच्या घरात हक्काने शिरत, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाबाईंच्या पडवीत एक आरसा टांगलेला होता. जसं असेल तसं दाखवतो, याचा त्याला भारी तोरा. रोज सकाळी एक चिमणी यायची आणि आरशातल्या चिमणीवर तुटून पडायची. चोच रक्ताळायची.

"मी काय करू?" आरसा म्हणायचा. "ती रागाने बघते, मी राग दाखवतो."

एके दिवशी सगुणाबाई रंग कालवून कुंचला घेऊन आल्या. आरसा कळवळला, "अंगाला डाग नको हं! मी खोटा ठरेन."

"गप रे, गुदगुल्या होतील तेवढ्याच," कुंचला म्हणाला. बाईंनी काचेवर टपोऱ्या दाण्यांचं जोंधळ्याचं कणीस काढलं, बरोबर चिमणीच्या चोचीच्या उंचीवर.

दुसऱ्या दिवशी चिमणी तणतणत आली आणि थबकली. समोरचीच्या चोचीत कणीस!

"अगंबाई, ही माझ्यासाठी खाऊ घेऊन उभी, आणि मी मेली रोज हिला टोचते!"

ती भुर्रकन उडाली, अंगणातला एक दाणा उचलून आली आणि तिने तो पुढे केला. समोरचीनेही केला.

आरसा अजूनही जसं असेल तसंच दाखवत होता. फक्त आता दोघी एकमेकींना घास भरवत होत्या.