नऊ साती बासष्ट

एका गावात एक पंतोजी होते. अंगानं काडी, पण गळा असा की वेशीवर खाकरले तर मळ्यातला माणूस दचकायचा. त्यांच्या शाळेचा कायदा एकच: पाढ्यात जो चुकला, त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. मग तो कुणीही असो.

एके वर्षी गावात साथ आली. घरोघरी माणसं तापानं फणफणली. पंतोजींनी स्वतःच शाळेला कुलूप घातलं आणि पोरांना बजावलं, "उंबऱ्याबाहेर पाऊल टाकाल तर खबरदार!"

पाटलाला तेवढंच हवं होतं. त्याचा डोळा कधीचा शाळेच्या जागेवर. पंचांना तो म्हणाला, "शाळा तर मोडली. जागा रिकामी ठेवून काय करायचंय? मी माझा कडबा भरतो."

पंतोजींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अख्खा जन्म घातला होता त्यांनी त्या चार भिंतींत!

"बंद झालंय ते नुसतं दार," ते कडाडले. "शाळा चालूच राहील. उद्या संध्याकाळी शेवटच्या आळीत पारावर बसा आणि पोरांचा पाढा ऐका!"

"आणि चुकीचं ऐकू आलं तर?" पाटलानं विचारलं.

"तर खुशाल कडबा भरा."

पंतोजींनी दारोदार लांबूनच हाका मारून पोरांना बेत सांगितला. दुसऱ्या दिवशी पंच पारावर अंतर राखून बसले. इकडे वेशीजवळच्या आपल्या ओट्यावरून पंतोजींनी हाळी दिली, "नऊ एके नऊ!" पहिल्या घरच्या पोरानं दारातूनच ओळ उचलली, त्याची ऐकून शेजारच्या पोरीनं, तिची ऐकून पलीकडच्यानं. असा पाढा दारोदार निघाला.

पाटलाचं घर बरोबर मध्यावर. त्यानं नातीला आत पिटाळलं, स्वतः दाराआड उभा राहिला आणि पोरासारखा बारीक आवाज काढून ओरडला, "नऊ साती बासष्ट!"

ते ऐकून पंतोजी ओट्यावर ताडकन उभे राहिले. ही चूक पारावर पोचली की संपलंच सगळं.

पण पाटलाच्या शेजारी कुंभाराची पोर होती, पुढचे दोन दात पडलेली. तिनं ओळ पुढे नेलीच नाही.

"ए ढब्बू! बासष्ट कुठले? त्रेसष्ट! चल, पहिल्यापासून म्हण!"

मग काय, अलीकडची दारं गरजली, पलीकडची गरजली, "पहिल्यापासून! पहिल्यापासून!" गाव नुसतं दणाणून गेलं. तेवढ्यात पाटलाच्या घरातून नातीचा खणखणीत आवाज आला, "आजोबा, म्हणा ना! तुमच्यामुळे सगळ्यांचा पाढा अडलाय!"

पारावर पंच पोट धरून हसले. पाटलाचं तोंड एवढंसं झालं. "नऊ एके नऊ," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!" वेशीवरून पंतोजी गरजले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसूभर हलला नाही. "पारावर ऐकू गेलं पाहिजे!"

गेलं. थेट नऊ दाहे नव्वदपर्यंत गेलं. कडबा पाटलाच्याच अंगणात राहिला.

तात्पर्य: साथीत शाळेच्या दाराला कुलूप जरूर घालावं, शिकण्याला घालू देऊ नये, आणि कुणी घालायला आलाच, तर त्याच्याकडून पहिल्यापासून पाढा म्हणून घ्यावा.