ओल्या नळीचा पारा

जंगलं मनोऱ्याहून उंच वाढत तेव्हाची गोष्ट. अशाच एका जंगलातल्या मनोऱ्याच्या टोकाला उष्मा मोजणाऱ्या दोन नळ्या राहत. थोरली कोरडी, धाकटीच्या पायाला कायम ओली चिंधी.

"तुझा पारा सदा माझ्या खाली. माझ्याइतकं सांगत जा, नाहीतर उतरवतील तुला," थोरली टोचायची.

"बरं, जाऊबाई," म्हणून धाकटी धुमसायची. एकदा संतापून तिनं चिंधी सुकू दिली. पारा चढून थोरलीला भिडला.

नोंद घ्यायला धापा टाकत चढलेल्या कुंदाताई भडकल्या. "जंगलाच्या हवेत वाफ किती, ते मला तुमच्यातल्या फरकावरून कळते. एकच ऐकायचं, तर दोघी कशाला?"

त्यांनी चिंधी भिजवली. धाकटीचा पारा सरसर उतरला, राग उतरला नाही.

"जाऊबाई," ती म्हणाली, "यापुढे माझा आकडा मीच सांगेन."