बाळाची झोप जपणारा कॅमेरा

कॅमेरे आपापसांत बोलत, त्या काळची गोष्ट. एका कपाटात दोन कॅमेरे राहत. थोरल्याचं शटर खटाककन वाजे. धाकटा रेंजफाइंडर जातीचा, आत खटका मारणारा आरसा नसलेला; त्याचं शटर इतकं हळू वाजे, की त्याला त्याचा गर्वच होता.

घरातल्या तान्ह्या शर्वाच्या बारशाला धाकटा म्हणाला, "दादा, तू राहू दे. तुझ्या आवाजानं बाळ उठतं."

शर्वा पाळण्यात झोपली होती आणि मागे लख्ख खिडकी होती. आवाज होऊ नये, एवढंच धाकट्याच्या डोक्यात. त्यानं सगळ्या खोलीचा उजेड सरासरीनं मोजला, आणि त्यात खिडकीचाच उजेड भारी पडला. नुसत्या चेहऱ्यावरचा उजेड मोजायची सोयही त्याच्यात होती, पण ती वापरायचं सुचलंच नाही. चोवीस फोटो निघाले, बाळ हललंसुद्धा नाही.

संध्याकाळी आईनं फोटो पाहिले. खिडकी सुंदर आली होती, तोरणही. पाळण्यात मात्र काळा डाग.

"हिचा चेहरा कुठाय?" आई हळूच म्हणाली. बारसं तर होऊन गेलं होतं.

कपाटात परतल्यावर धाकटा टोमण्याची वाट पाहत बसला. थोरल्यानं एवढंच विचारलं, "झोपली ना शांत?"

"झोपली. कशी दिसत होती, ते मात्र विचारू नकोस, दादा. मी बघितलंच नाही."