झाकणावरचा हात

काडेपेटी घरोघरी पोहोचण्यापूर्वीची ही गोष्ट. एका घाटमाथ्यावर वाटसरूंसाठी बांधलेली लहानशी धर्मशाळा होती. एक वृद्ध बुवा ती सांभाळत. त्यांच्याजवळ लिंबाजी नावाचा एक शिष्य राहत असे. वय तिशीचे, अंगाने धडधाकट, मनाने मात्र अतिशय भित्रा. दाराला कडी घातली तरी तीनदा उठून पाहायचा. परसात दाणे पेरले, तर ते उगवले की नाहीत हे पाहायला माती उकरायचा, आणि मग ते कधीच उगवत नसत. बुवा त्याला काही बोलत नसत.

माघाच्या अखेरीस एके दिवशी दुपारी अवकाळी गारपीट झाली. धर्मशाळेचे अर्धे छप्पर खाली आले. रचून ठेवलेली लाकडे भिजली, धान्य भिजले, चकमकीच्या बटव्यातला, ठिणगी धरणारा जळका कापूसही भिजून त्याचा चिखल झाला. चुलीत तेवढे ओंजळभर निखारे उरले. त्या वेळी धर्मशाळेत सगुणा नावाची एक कासारीण मुक्कामाला होती. तिचे दिवस भरत आले होते. तिचा नवरा दौलत आदल्या दिवशी दुपारी माणसे आणायला घाट उतरून गेला होता, तो अजून परतला नव्हता.

भीतीचे कारण एवढेच नव्हते. दोन दिवसांपासून त्या रानात एक बिबट्या माणसांच्या फार जवळ येऊ लागला होता. आदल्या संध्याकाळी त्याने धर्मशाळेचा कुत्रा लिंबाजीच्या डोळ्यांदेखत उचलून नेला होता. कुत्र्याला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

गारा थांबल्या, पण पावसाची बारीक झड लागून राहिली आणि दाट धुके उतरले. बुवांनी उरलेल्या छपराकडे पाहिले. वासे कुरकुरत होते.

"इथे राहण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "खाली अर्ध्या कोसावर गुहा आहे. तिथे मी सुकी लाकडं आणि गवत ठेवलं आहे. अंधार पडायच्या आत तिथे पोहोचून जाळ केला, तरच ही पोर सुखरूप राहील."

"निखारे मडक्यात घालून नेऊ की," लिंबाजी म्हणाला.

"या झडीत ते वाटेतच विझतील. मागे दोनदा विझले आहेत. ते जिवंत आहेत तोवर नवा जळका कापूस करून घ्यायला हवा. एकदा तो झाला की चकमकीच्या एका ठिणगीवर विस्तव मिळेल."

बुवांनी पितळेची एक डबी काढली. तिच्या झाकणाला दाभणाने पाडलेले एक बारीक भोक होते. गाठोड्याच्या पोटातून सुती धडप्याचा एक कोरडा तुकडा निघाला. त्याच्या चिंध्या करून त्यांनी डबीत भरल्या, झाकण घट्ट बसवले आणि डबी निखाऱ्यांवर ठेवली.

"भोकातून धूर येईल," ते लिंबाजीला म्हणाले. "धूर पुरता थांबला की डबी उतरव, भोक ओल्या मातीने बुजव, आणि ती हाताला गार लागेपर्यंत झाकण उघडू नकोस. आत वारा शिरला तर सगळं जळून जाईल."

एवढे सांगून ते सगुणेसाठी काठी तोडायला मागच्या बाजूला गेले.

धूर येऊ लागला. पांढरा, दाट, मग पिवळसर. पुढे तो विरळ झाला. लिंबाजीने डबी उतरवली, भोक बुजवले आणि तो तिच्याकडे पाहत बसला. तेवढ्यात धुक्यातून एक आवाज आला. वाळल्या लाकडावर कुणी करवत ओढावी तसा, थांबून थांबून. तो बिबट्याच होता. आत कापूस झाला असेल का? कच्चा राहिला असेल तर? आताच कळले तर निदान पुन्हा तरी ठेवता येईल. डबी अजून चटके देत होती. त्याने झाकण उचकटले.

चिंध्यांवर लाल ठिपके उमटले, क्षणात एकमेकांत मिसळले आणि भपकन जाळ झाला. त्याची बोटे भाजली. डबीत चिमूटभर राख उरली.

बुवा परतले तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. बुवांनी राख पाहिली, झटकली आणि विचारले, "आणखी सुती कापड कोरडं आहे का कुणाकडे?"

घोंगड्या लोकरीच्या होत्या, त्यांचा उपयोग नव्हता. अंगावरचे सारे भिजलेले होते. सगुणेने बांगड्यांची पेटी पुढे ओढली. मग तिने पेटीच्या तळातून, कागदाखालून, धुऊन धुऊन मऊ झालेले एक दुपटे काढले.

"पहिल्या दोन्ही लेकरांना यातच गुंडाळलं होतं," ती म्हणाली. "घ्या बुवा. पण एवढंच आहे."

बुवांनी दुपटे फाडले, डबी भरली, निखाऱ्यांवर ठेवली. निखारे आता राखाडी होऊ लागले होते. हा शेवटचा विस्तव आणि हे शेवटचे कापड. असे असताना बुवा उठले, काठी घेऊन दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लिंबाजी, डबीकडे तूच बघ."

"मी? बुवा, नको! माझ्या हातून पुन्हा तेच होईल. तुम्ही बसा, मी दारात उभा राहतो."

"तूच बघ," बुवा म्हणाले आणि त्यांनी पाठ फिरवली.

सगुणेने लिंबाजीकडे पाहिले. तिची नजर त्याला बिबट्याच्या आवाजाहून कठीण वाटली.

धूर आला, दाटला, विरळ झाला. या वेळी शेवटचा धागा विरेपर्यंत लिंबाजी हलला नाही. मग त्याने डबी उतरवली, भोकावर माती थापली. करवतीचा आवाज पुन्हा आला, आता पडक्या भिंतीपलीकडून. दारातली बुवांची आकृती ताठ झाली. लिंबाजीचा हात आपोआप डबीकडे गेला. आत काय आहे ते पाहावे, या एका इच्छेने त्याला घेरले. त्याचा तळहात झाकणावर पडला. गरम पितळ पोळले, तरी त्याने हात उचलला नाही. घोंगडीचा कोपरा मध्ये घेतला, दुसरा हात पहिल्यावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार झाकणावर टाकून तो डोळे मिटून बसून राहिला. तो थरथरत होता, म्हणून डबीही जमिनीवर खडखडत होती. झाकण मात्र जागचे हलले नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. करवतीचा आवाज दूर ओढ्याकडे गेला. पितळ कोमट झाले, मग गार झाले.

"आता उघड," बुवा म्हणाले.

आत दुपट्याचे तुकडे होते. काळेभोर, हलके, अख्खे. त्यांची वीणसुद्धा दिसत होती.

दिवस मावळण्यापूर्वी तिघे गुहेत पोहोचले. सगुणेला कळा सुरू झाल्या होत्या. बुवांनी चकमकीच्या गारगोटीवर पोलाद मारले. तिसऱ्या ठिणगीला काळ्या तुकड्यावर लाल ठिपका धरला. तो गवतात ठेवून फुंकर घातली आणि जाळ उभा राहिला. तासाभरात खालून हाका आल्या. दौलत एका सुईणीला आणि चार माणसांना घेऊन वर चढत होता. धुक्यात वाट चुकलेली ती माणसे गुहेच्या तोंडचा उजेड पाहून वळली होती. उन्हे वर यायच्या आत सगुणा बाळंत झाली. मुलगी झाली.

सकाळी गुहेबाहेर लिंबाजीने बुवांना गाठले.

"बुवा, एकदा मी सगळं घालवलं होतं. तरी शेवटची डबी माझ्या हाती का दिलीत?"

"मीही भ्यालो होतो," बुवा म्हणाले. "दोघांपैकी कुणी झाकण उघडलं असतं सांगता येत नाही. पण उघडल्यावर काय होतं हे मी नुसतं जाणत होतो, तुझी बोटं तर भाजली होती. निर्भय माणूस डबी ठेवून दुसऱ्या कामाला लागला असता. भ्यालेला माणूस तिच्यावरून लक्ष हलवत नाही. मला तुझी भीती काढायची नव्हती, लिंबाजी. जी भीती झाकण उचलते तिलाच झाकण दाबता येतं का, एवढंच पाहायचं होतं."

लिंबाजी आत वळला. आत जाळ मंदावत होता आणि बाळंतिणीला ऊब हवी होती. त्याने लाकूड उचलले तेव्हा त्याचे हात अजूनही थरथरत होते. ते थांबण्याची त्याने वाट पाहिली नाही. लाकूड विस्तवात सरकवले आणि तो शेजारी बसला.