धुरपाचा भागाकार

उंबरदऱ्याच्या बंधाऱ्यावर, पाटाच्या तोंडाशी, काळ्या खडकात एक आडवी रेघ कोरलेली आहे. रेघेच्या वर एक ठिपका, खाली एक ठिपका. शाळेतली पोरं बघताक्षणी ओरडतात, भागाकाराचं चिन्ह! म्हातारी माणसं मात्र आधी खडकाला हात लावतात आणि मग सांगायला बसतात.

फार पूर्वी हा पाट खोदायचा ठरला, तेव्हा धुरपाचं शेत मधे येत होतं म्हणे. नवरा वारल्यावर माहेरी परतलेल्या त्या बाईचा सगळा आधार म्हणजे ते शेत. तिचा धाकटा भाऊ रायाजी गावाचा पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा. त्याने बेलभंडारा उचलून शब्द दिला, "अक्का, पाट तुज्या शेतातनं जाऊ दे. आमच्या सात घरांसंगं आठवा वाटा तुजा." सख्ख्या भावाचा शब्द तो. धुरपाने निम्मं शेत हसत सोडलं.

पाट वाहू लागला. दिवसरात्रीच्या साठ घटका वाटायच्या होत्या. बुडाला भोक असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर ठेवायचं. ते भरून बुडालं की एक घटका झाली. साठ हे भाज्य. भाजक आठ धरला असता, तर प्रत्येकाला साडेसात घटका आल्या असत्या. रायाजीने भाजक धरला सात! घरटी आठ घटका आल्या, वर चार उरल्या. "बाकी पाटकऱ्याची," म्हणत त्याही त्याने आपल्याच शेताकडे वळवल्या.

धुरपा दारोदार विचारत फिरली, "यात मी कुठं हाय?" हिशेब सगळ्यांना कळत होता. पण प्रत्येकाला अर्धी घटका जास्त मिळत होती, आणि तेवढ्यासाठी साती घरांनी तोंडाला कुलूप लावलं. तिची ज्वारी करपली. भावाने गळा कापला, ते एक वेळ तिने सोसलं असतं. अख्ख्या गावाने खाली मान घातली, ते तिच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या हंगामाच्या वाटणीच्या दिवशी ती खडकावर आली. तिने विळ्याच्या टोकाने रेघ ओढली, वर-खाली ठिपके दिले. लोण्यात विळा फिरावा तसा तो खडकात फिरला, असे सांगतात. "वर पाणी, खाली माणसं," ती म्हणाली. "पाणी नीट मोजलंत. माणसं मोजताना खोटं केलंत." आणि ती गाव सोडून गेली.

पहिली पाळी रायाजीची होती. पात्र ठेवलं, पण ते बुडेना. भोकातून थेंब आत येईना. पात्र बुडाल्याशिवाय पाळी बदलायची नाही हा गावाचाच नियम, त्यामुळे पाटाचं दार बंद करायला कोणी धजेना. रायाजीचं पीक पाण्यात कुजलं, बाकीच्यांचं उन्हात वाळलं. शेवटी तो बहिणीला शोधत गेला आणि तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "पानी आता कुनालाबी दे. त्या येळंला एकानं तरी 'धुरपा हाय' म्हनायचं हुतं."

आजही उंबरदऱ्यात पात्र ठेवण्याआधी भाजक मोठ्याने मोजतात. सात नावं झाली की पाटकरी आठवं पुकारतो, "धुरपा!" साती घरांतली माणसं उभी राहतात आणि एका सुरात म्हणतात, "हाय!" मगच पात्र बुडतं. तिच्या वाट्याचं पाणी तिच्या रिकाम्या शेतात सोडतात. तिथे पेरायला ती काही परत आली नाही.