गेनूआप्पांचा उजवा हात

“बुवा, अहवालावर सही केलीत, पण शेऱ्याची जागा कोरीच ठेवलीत. का?”

विचारणारा हर्षद ढमढेरे, समाजकार्याचा विद्यार्थी. विद्यापीठाने त्याला उन्हाळ्याचे दोन महिने डोंगराखालच्या मठात सेवेसाठी धाडलं होतं. आज शेवटचा दिवस. मठात निराधार म्हातारी माणसं राहतात आणि सगळा कारभार सोपानबुवांच्या अंगावर. बुवा बोलण्यात कंजूष, हर्षद उधळा.

“अहवाल वाचलात ना?”

“वाचला. फोटोही पाहिले.”

“मग? गेनूआप्पांचं एवढं केलं मी. उजव्या अंगावरून वारं गेलेला माणूस. एका जेवणाला पाऊण तास लागायचा. अर्धा भात सदऱ्यावर. मला बघवेना. पहिल्याच आठवड्यात मी भरवायला लागलो. आता दहा मिनिटांत ताट स्वच्छ!”

“खरं आहे.”

“मग तेवढंच लिहा ना.”

बुवांनी पेन खाली ठेवलं.

“पाऊण तास का लागायचा रे?”

“हट्टीपणा, दुसरं काय! डावा हात चांगला धड आहे. पण अन्नाला डावा हात लावायचा नाही म्हणे. आयुष्यात लावला नाही, आता मरताना लावू?”

“मग जेवायचे कसे?”

“डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरायचे, उचलायचे, तोंडापर्यंत न्यायचे.”

“प्रत्येक घासाला?”

“प्रत्येक घासाला.”

“हं...”

पंगतीची घंटा झाली. दोघं उठले.

गेनूआप्पा भिंतीला टेकून बसले होते. पुढ्यात आमटीभात. हर्षद दिसताच त्यांचा चेहरा खुलला. हर्षद सवयीने शेजारी बसला, हात ताटाकडे गेला. बुवांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब.”

आप्पांनी तोंड उघडलं... मिटलं.

“बुवा, आमटी निवतेय,” हर्षद म्हणाला.

“निवू दे.”

आप्पांनी एकदा बुवांकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. मग डाव्या हाताने उजवं मनगट उचलून भातावर ठेवलं. बोटं वळेनात. पुन्हा ठेवलं. भाताची चार शितं अंगठ्याला चिकटली, तोंडापर्यंत जाता जाता मांडीवर सांडली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हीच बोटं घास धरत होती. हर्षदने तेव्हा फक्त सदरा पाहिला होता, बोटं पाहिलीच नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पांनी तिसऱ्यांदा हात उचलला. मग आपटलाच. ताट वाजलं. अख्खी पंगत बघायला लागली.

“बघतोस काय पोरा असा? भूक लागलीय मला. भरव की!”

हर्षदच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बुवा, ते मागतायत. मी नाही कसं म्हणू?”

बुवांनी त्याचं मनगट सोडलं.

“नको म्हणूस. भरव... उद्या तू जाशील. आप्पांना मात्र अजून दहा वर्षं तरी मरण नाही.”